कानातला कोमल धैवत

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझ्या कानाला काही झालेलं नव्हतं. दडे बसले नव्हते, कानात गुंई वाजत नव्हतं, घरच्यांना "काय म्हणालात?" असं पुन्हा विचारावं लागत नव्हतं. मी पुण्यात गाणं शिकवते, अधूनमधून कार्यक्रम करते. माझ्याकडे शाळेत असल्यापासून शिकलेली एक मुलगी पुढे ऑडिओलॉजीकडे, म्हणजे ऐकण्याच्या शास्त्राकडे वळली. एमएच्या जोडीनं असतो तसा त्यांच्याही पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रबंध असतो. त्यासाठी तिला गाणारी-वाजवणारी माणसं हवी होती आणि त्यांच्याच वयाची, पण गाण्याशी संबंध नसलेलीही. तिनं फोन केला. "ताई, तुमचे कान मोजायचेत. सुई नाही, औषध नाही. नुसतं गप्प बसायचं."

"कानाचं काय मोजणार?"

"कानातून बाहेर येणारा आवाज."

मला वाटलं, ती कानात जाणारा आवाज म्हणतेय. मी तसं म्हटलंही. ती शांतपणे म्हणाली, "नाही ताई, बाहेर येणारा. तुमचा कान आवाज करतो. निरोगी कान करतोच. तुम्ही या, दाखवते."

वयाच्या आठव्या वर्षापासून मी कानाच्या भरवशावर जगते आहे. तंबोरा लावताना जवारीचा दोरा केसभर सरकवला की आवाज कसा उघडतो, हे ऐकण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं गेली. आणि इतक्या वर्षांत मला कुणी हे सांगितलं नव्हतं. त्या फोननंतर मला चैनच पडेना, म्हणून गेले.

कॉलेजच्या मागच्या अंगाला त्यांची तपासणीची खोली होती. जाड दार, भिंतींना छिद्रांचे फलक, खाली गालिचा. दार लावलं की स्वतःचं रक्त वाहताना ऐकू यावं इतकी शांतता. आधी तिनं मराठीत छापलेलं संमतीपत्र वाचायला दिलं. काय करणार, किती वेळ लागणार, मध्येच थांबायचं असेल तर थांबता येईल, नाव कुठंही येणार नाही, सगळं त्यात होतं. मग प्रश्न सुरू झाले. लहानपणी कान फुटला होता का? टीबीची इंजेक्शनं कधी घेतली होती का? केमोथेरपी? घरात कुणाला कमी ऐकू येतं का? मोठ्या आवाजाजवळ किती वेळ जातो? आणि एक प्रश्न मला अगदीच अनपेक्षित होता, "गेल्या काही दिवसांत ॲस्पिरिन घेतली का?"

मी घेतली नव्हती. कारण विचारल्यावर ती म्हणाली, जास्त मात्रेत ॲस्पिरिन पोटात गेली की कानातून येणारा हा आवाज कमी होतो, कधी पूर्ण थांबतो. गोळ्या बंद केल्या की परत येतो. टीबीच्या इंजेक्शनांचं तसं नाही. अमिकासिन, कॅनामायसिन या औषधांनी कानाच्या आतल्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी आपल्याकडे ही इंजेक्शनं अनेक वर्षं दिली गेली आणि त्यातून वाचलेल्या कितीतरी माणसांचं ऐकणं गेलं. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं, आता उपचार प्रामुख्यानं पोटात घ्यायच्या गोळ्यांवर चालतात. सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाचंही तेच. म्हणून असे उपचार सुरू करण्याआधी आणि चालू असताना कान मोजत राहावे लागतात. हे सगळं ती माझ्या कानात टॉर्चवजा दुर्बीण घालून मळ आहे का बघताबघता सांगत होती.

मळ नव्हता. पुढची पायरी पडद्यामागची हवा बघण्याची, तिला टिंपॅनोमेट्री म्हणतात. कानात रबरी टोक घट्ट बसवतात आणि यंत्र हवेचा दाब वाढवत-कमी करत जातं. खंडाळ्याचा घाट उतरताना कानात जसं भरून येतं, तसंच काही सेकंद झालं. स्क्रीनवर डोंगरासारखी एक रेघ उमटली. मधोमध टोक, म्हणजे पडदा मोकळा हलतोय, मागे पाणी साठलेलं नाही. हे आधी बघणं गरजेचं असतं, कारण आतला आवाज बाहेर यायचा तर त्याला मधल्या कानातल्या तीन हाडांवरून आणि पडद्यातून उलट्या दिशेनं यावं लागतं. सर्दीनं मधला कान भरला असेल तर आतला कान कितीही ठणठणीत असला तरी बाहेर काहीच पोचत नाही.

मग नेहमीची ऑडिओमेट्री. हेडफोन लावायचा, बारीकसा 'पूं' ऐकू आला की बटण दाबायचं. 250 हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला 250 कंपनांच्या सुरापासून, 8000 पर्यंत. दोन्ही कानांचा आलेख सामान्य मर्यादेत आला. उजव्या कानात 6000 हर्ट्झला रेघ थोडी खाली झुकली होती, 20 डेसिबलवर. तेही सामान्यातच धरतात. मी खूश झाले. ती मात्र त्या ठिपक्याकडे क्षणभर बघत राहिली आणि काही बोलली नाही.

यानंतर आलं ते खरं मोजमाप, ओटोअकूस्टिक एमिशन, म्हणजे कानातून निघणारा आवाज, ज्याला तिथं सगळे ओएई म्हणतात.

प्रोब म्हणजे अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान डबी. तिच्या तोंडावर मऊ सिलिकॉनचं टोपण, निरनिराळ्या मापांचं, निरनिराळ्या रंगांचं. माझ्या उजव्या कानाला पिवळं बसलं, डाव्याला त्याहून लहान हिरवं. आपले दोन कान एका मापाचे नसतात हेही मला त्या दिवशी कळलं. वायर तिनं माझ्या कुडत्याच्या गळ्याला चिमट्यानं अडकवली, म्हणजे ओढ बसून प्रोब हलणार नाही. डबीत दोन स्पीकर आणि एक मायक्रोफोन असतो. मायक्रोफोन इतका संवेदनशील की मी आवंढा गिळला तरी स्क्रीनवरची रेघ उसळायची आणि यंत्र तेवढा तुकडा टाकून द्यायचं. गाणाऱ्या माणसाला गळ्याकडे लक्ष देऊन बसायची सवय असते, त्यामुळे गिळू नको म्हटलं की हटकून गिळावंसं वाटतं. तिनं सांगितलं, "ताई, गिळायचं असेल तर गिळा. फक्त रेंगाळू नका."

पहिल्या मोजमापात यंत्रानं काहीच वाजवलं नाही. स्पीकर बंद, नुसता मायक्रोफोन चालू. मी खुर्चीत डोळे मिटून बसलेली. दोन-तीन मिनिटांनी तिनं मला डोळे उघडायला सांगितलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. खाली गवतासारखा खुरटा गोंधळ, म्हणजे खोलीचा आणि माझ्या शरीराचा आवाज. आणि त्यातून एकाच जागी वर आलेली सुईसारखी उभी रेघ. 1490 हर्ट्झ. पातळी शून्य डेसिबलच्या जराशी खाली.

"ही काय आहे?"

"हा तुमचा उजवा कान."

कुणी काही न वाजवता माझा कान एक सूर धरून बसला होता. तिनं प्रोब काढला, पुन्हा बसवला, पुन्हा मोजलं. सुई जागच्या जागी. डाव्या कानात काहीच नव्हतं. असे आपोआप येणारे सूर अनेक निरोगी कानांत सापडतात, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि डाव्यापेक्षा उजव्या कानात जास्त. एखाद्याच्या कानात एकापेक्षा अधिक सूरही असतात. ते वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच जागी राहतात. ज्याच्या कानात वाजतात त्याला ते सहसा ऐकू येत नाहीत, आणि कानात गुणगुण ऐकू येण्याचा त्रास बहुतेकांना होतो तो यामुळे नाही. हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं, कारण सुई बघून घाबरणारे लोक तिला भेटले होते.

मी घाबरले नाही, मी हिशोब करायला लागले. माझी पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीवर माझा षड्ज, माझा 'सा', साधारण 233 हर्ट्झवर. त्याचा कोमल धैवत आठ-पंचमांश पट, 373. तार सप्तकात 746. अतितारात 1492. मी तिच्याकडून कागद घेऊन हे मांडलं आणि खुर्चीतच बसून राहिले. माझा उजवा कान अतितार सप्तकातला कोमल धैवत लावून बसला आहे, किती वर्षांपासून कोण जाणे. माझी पट्टी वेगळी असती तर तोच सूर दुसरा कुठलातरी ठरला असता, हे मला कळतं. कानाला माझ्या षड्जाशी काही देणंघेणं नाही. तरीही सांगते, त्या रात्री मी कोमल धैवताचा भैरव राग गायला घेतला तेव्हा धैवतावर थांबताना मला भरून आलं.

तिनं एक गंमतही दाखवली. हेडफोनमधून अगदी हळू सूर वाजवत ती मला विचारत गेली, ऐकू येतोय का? 1490च्या आसपास जो सूर मला ऐकू येत होता, तोच तितक्याच हळू आवाजात जरा बाजूला सरकवला की नाहीसा व्हायचा. जिथं कान स्वतः सूर देतो, तिथं त्याची श्रवणक्षमता आजूबाजूपेक्षा थोडी तीक्ष्ण असते. ऐकणं आणि आवाज काढणं ही एकाच यंत्रणेची दोन टोकं आहेत, हे मला त्या वेळी उमगलं. पुढची सगळी तपासणी मी त्याच नजरेनं बघितली.

ही यंत्रणा काय आहे ते तिनं मॉडेल हातात देऊन समजावलं. आतल्या कानात शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते, कॉक्लिया. उलगडली तर जेमतेम 35 मिलिमीटर. तिच्या आत आणखी एक पातळ पडदा, बाहेरच्या कानाच्या पडद्याहून वेगळा, आणि त्यावर केसपेशींच्या रांगा. आतल्या बाजूला एक रांग, सुमारे साडेतीन हजार पेशी, मेंदूकडे बातमी नेण्याचं काम प्रामुख्यानं त्यांचं. बाहेरच्या बाजूला तीन रांगा, सुमारे बारा हजार पेशी. या बाहेरच्या पेशी नाचतात. आवाज आला की त्या सेकंदाला हजारो वेळा लांब-आखूड होतात आणि पडद्याची हालचाल वाढवतात. त्यामुळेच आपल्याला कुजबुज ऐकू येते, आणि त्यामुळेच दोन जवळच्या श्रुती वेगळ्या ओळखता येतात. या नाचण्यातली थोडी ऊर्जा उलट फिरून बाहेर पडते. तीच प्रोबला ऐकू येते.

हे शोधायला माणसाला फार वेळ लागला. हंगेरीत जन्मलेले गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृतदेहांच्या कानांत ध्वनीची लाट कशी सरकते ते प्रत्यक्ष पाहिलं, त्यासाठी त्यांना 1961 सालचं नोबेल मिळालं. पण मेलेल्या कानात नाच कुठून दिसणार? केंब्रिजमध्ये थॉमस गोल्ड नावाचा तरुण होता, युद्धात रडारवर काम केलेला. 1948 मध्ये त्यानं मांडलं की कान इतका बारीक फरक ओळखतो याचा अर्थ त्याच्यात शक्ती ओतणारं काहीतरी असलंच पाहिजे, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं तर कानातून आवाज बाहेर यायला हवा. स्टेजवर माइक मॉनिटरच्या फार जवळ गेला की शिट्टी वाजते ना, तसं. गोल्डनं तो आवाज पकडायचा प्रयत्नही केला, त्या काळच्या साधनांनी जमलं नाही. पुढे तो खगोलशास्त्राकडे गेला आणि तिथं मोठा झाला. कानाच्या अभ्यासकांनी त्याचं म्हणणं बाजूला ठेवलं. तीस वर्षांनी, 1978 मध्ये, लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात छोटा माइक बसवून 'टिक' वाजवली आणि काही मिलिसेकंदांनी परत येणारा प्रतिध्वनी नोंदवला. बाहेरच्या केसपेशी खरोखर लांब-आखूड होतात हे विल्यम ब्राउनेल यांनी 1985 मध्ये दाखवलं, आणि त्या हालचालीमागचं प्रथिन, प्रेस्टिन, 2000 मध्ये सापडलं. मला या सगळ्यात गोल्डचं फार वाटतं. माइक चांगला असता तर या विद्येला तीस वर्षं आधी सुरुवात झाली असती.

केम्प यांची 'टिक' मीही ऐकली. दुसरं मोजमाप तेच. बारीक टिकटिक सलग चालू राहते, बोचत नाही. प्रत्येक टिकनंतर यंत्र 20 मिलिसेकंद ऐकतं. तिनं एक युक्ती सांगितली ती मला फार आवडली. टिका चार-चारच्या गटात येतात. तीन एका दिशेच्या, चौथी उलट दिशेची आणि तिप्पट जोराची. चारही उत्तरांची बेरीज केली की कानाच्या नळीतून नुसताच आपटून आलेला आवाज शून्य होतो. केसपेशींचं उत्तर मात्र तिप्पट ठोक्याला तिप्पट येत नाही, कमीच येतं, म्हणून ते बेरजेत उरतं. अशा शेकडो टिकांची सरासरी काढतात. यंत्र ती दोन ढिगांत वेगवेगळी साठवतं आणि दोन रेघा एकमेकींवर ठेवतं. गोंधळ असेल तर रेघा भलतीकडे जातात. खरा प्रतिध्वनी असेल तर जुळतात. माझ्या दोन्ही कानांच्या रेघा जुळल्या. डाव्या कानात आपोआप येणारा सूर नसला तरी प्रतिध्वनी खणखणीत होता. आधी उंच सूर परत येतात, मग खालचे, कारण उंच सुरांची जागा शंखाच्या तोंडाशी आहे आणि खालच्यांची आत टोकाला. रेघेत हे दिसतं, सुरुवातीला दाट लाटा, मग विरळ.

तिसरं मोजमाप माझ्या दृष्टीनं सगळ्यात विलक्षण. कानात एकाच वेळी दोन सूर वाजवतात. समजा 3279 आणि 4000 हर्ट्झ. कान त्यातून तिसरा सूर तयार करतो, पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केल्यावर येतो तो, 2558च्या आसपास. हा सूर स्पीकरमधून आलेला नसतो, माइकला मात्र सापडतो. मी लगेच तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार आठवून विचारलं. ती म्हणाली, "तो वेगळा, ताई. तो तारेतच असतो." बरोबर होतं तिचं. षड्जाच्या तारेच्या पाचपट कंपनांच्या उपस्वरातून गंधार मिळतो, कान नसला तरी तो हवेत असतोच. हा तिसरा सूर कानाची स्वतःची निर्मिती. अठराव्या शतकात इटलीतल्या तार्तिनी या व्हायोलिनवादकानं दोन तारा एकदम वाजवताना खालचा तिसरा सूर ऐकला होता आणि शिष्यांना त्यावरून तारा सुरात आहेत का ते तपासायला सांगितलं होतं. पेटीवर वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या एकदम दाबून बघा, खाली घोगरं काहीतरी घुमतं. पण पेटीत दोन्ही सुरांना भात्याची हवा एकच, त्यामुळे तिसरा सूर पेटीतच तयार झालेला असू शकतो. प्रोबमध्ये दोन स्वतंत्र स्पीकर का असतात याचं उत्तर हेच. दोन सूर कानात पोचेपर्यंत एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. मग जे तिसरं निघेल ते कानाचंच.

जोडी बदलत-बदलत खालून वर जायचं आणि प्रत्येक ठिकाणी तिसरा सूर गोंधळापेक्षा किती वर आहे ते बघायचं. सहा डेसिबल वर असेल तर आहे असं धरतात. डावा कान शेवटपर्यंत छान चालला. उजवा 4000 पर्यंत छान. 6000ला जेमतेम तीन डेसिबल.

तिनं लगेच काही म्हटलं नाही. प्रोब काढला, टोपण बदललं, जरा आत बसवून पुन्हा मोजलं, कारण इतक्या उंच सुरांना प्रोब किती खोल आहे यानंही आकडा बदलतो. पुन्हा तीनच्या आसपास. डाव्याला त्याच जागी बारा.

मग तिनं तो ऑडिओग्राममधला ठिपका मला दाखवला. 20 डेसिबल, सामान्यात. "आलेखात अजून काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली, "पण त्या जागच्या बाहेरच्या पेशी थोड्या थकलेल्या किंवा गेलेल्या असाव्यात. ओएईत हे बरेचदा आधी दिसतं." कारण? ते एका मोजणीवरून सांगता येत नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. वय, औषधं, आवाज, काहीही. मी मात्र विचार करत राहिले. बैठकीत तबला माझ्या उजव्या हाताला असतो. गेली कित्येक वर्षं मोठ्या मांडवात मॉनिटरही उजवीकडेच ठेवलेला असतो, तबल्याच्या आणि माझ्या मध्ये, आणि ध्वनिव्यवस्थेची माणसं तो सोडतात तोंड वर करून, थेट कानाशी. माझा संशय तबल्यापेक्षा मॉनिटरवर जास्त आहे. पक्षी आणि मासे नव्या केसपेशी तयार करू शकतात. आपण नाही. जन्माला येताना मिळालेल्या बारा हजार, तेवढ्याच.

चौथं मोजमाप तिच्या प्रबंधाचं. पुन्हा टिकटिक, पण या वेळी दुसऱ्या कानात हेडफोनमधून सरसर असा पावसासारखा सपाट आवाज. एका कानात आवाज सोडला की दुसऱ्या कानाचा प्रतिध्वनी लहान होतो. मेंदूच्या तळाकडून बाहेरच्या केसपेशींपर्यंत परतीच्या नसा येतात, त्या पेशींना आवरतात. म्हणजे मेंदू नुसतं ऐकून घेत नाही, कानाला किती उघडं राहायचं ते सांगतोही. सरसर फार मोठी ठेवली तर मधल्या कानातला स्नायू आखडतो आणि मोजमाप फसतं, म्हणून ती बेतानंच ठेवतात. फ्रान्समध्ये ल्यों इथल्या अभ्यासकांनी 1990च्या दशकात दाखवलं की गाण्या-वाजवण्याची तालीम असलेल्यांमध्ये हा आवर सरासरीनं जास्त दिसतो. तिला हेच आपल्याकडच्या गायक-वादकांत बघायचं होतं. माझा प्रतिध्वनी दीडेक डेसिबलनं उतरला. मी विचारलं, चांगलं आहे का हे? ती हसली आणि म्हणाली, एका माणसाच्या आकड्यावर मी काहीही बोलणार नाही. मला तिचा फार अभिमान वाटला. गाण्यातही ती अशीच होती, सूर लागला नसेल तर लागला म्हणायची नाही.

बाहेर बाकावर एक जोडपं तान्हं बाळ घेऊन बसलं होतं. बाळ अतिदक्षता विभागात राहून आलेलं, कावीळ फार चढली होती. आजीबरोबर बोलणं झालं. "आम्ही ताट वाजवलं की दचकतो हो, ऐकू येतं त्याला," आजी म्हणत होत्या. ताटाच्या आवाजाला दचकणारं बाळ हळू बोललेलं ऐकू शकेलच असं नाही, आणि दचकण्यात कधी नुसता हादराही असतो. ओएईचा सगळ्यात मोठा उपयोग इथं आहे. बाळानं काहीच सांगायला नको, झोपलेलं असलं की पुरे. दोन-चार मिनिटांत काम होतं. पहिल्या दिवसांत कानात चिकट द्रव असतो, त्यामुळे यंत्र पुष्कळदा 'रेफर', म्हणजे पास नाही, असं दाखवतं, तेवढ्यानं हातपाय गाळायचे नसतात, पुन्हा मोजायचं असतं. जगभर पाळला जाणारा दंडक असा, महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार. कारण भाषा कानातून येते आणि ती वाट बघत नाही.

पण या बाळाचं ओएई आधीच 'पास' आलं होतं, तरीही त्याला बोलावलं होतं. आजींना तेच कळत नव्हतं, पास झालं तर पुन्हा कशाला? माझ्या विद्यार्थिनीनं खाली बसून त्यांना समजावलं. ओएई बाहेरच्या केसपेशींपर्यंतच सांगतं. पुढे नस आहे, मेंदू आहे. तीव्र काविळीनं कधीकधी नसेचं काम बिघडतं, तेव्हा कान प्रतिध्वनी देतो पण मेंदूपर्यंत नीट काही पोचत नाही. म्हणून अशा बाळांची बेरा तपासणीही करावीच लागते, डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाजाला नस आणि मेंदू काय उत्तर देतात ते बघणारी. ज्यांची बाळं अतिदक्षता विभागात होती त्या आईबापांनी नुसत्या पासवर थांबू नये, बेराबद्दल विचारावंच, असं मला कळकळीनं वाटतं. त्या बाळाची बेरा त्याच दुपारी व्हायची होती. मी निघाले तेव्हा आई त्याला पाजून निजवत होती, कारण तीही तपासणी झोपेतच होते.

माझ्या फाइलवर तिनं आणि तिच्या मॅडमनी दोन गोष्टी लिहून दिल्या. वर्षानं पुन्हा मोजायचं, याच यंत्रावर, याच मापाच्या टोपणानं. आणि मोठ्या कार्यक्रमात गायकांसाठी मिळतात ते कानातले फिल्टर वापरायचे, कापसाचे बोळे नाहीत. कापूस उंच सूर जास्त खातो आणि खालचे सोडतो, आवाजाचा रंगच बदलतो, मग माणूस वैतागून काढून टाकतो. फिल्टर सगळे सूर साधारण सारखे कमी करतात. सवय व्हायला वेळ लागला. पहिल्यांदा स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटायचा, आता आलापीच्या वेळी काढते आणि द्रुत सुरू व्हायच्या आधी घालते. मॉनिटर डावीकडे आणि पावलांच्या पुढे ठेवायला सांगते. ध्वनिव्यवस्थेची मुलं आधी कुरकुरतात, मग ठेवतात.

माझ्याकडे शिकणारी दोन मुलं ढोल-ताशा पथकात आहेत. एक ताशा वाजवतो, कंबरेला बांधलेला, काड्यांचा कडकडाट सरळ वर तोंडावर येणारा. "सर्वांना नीट ऐकू येतं, टेस्ट कशाला," असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. मी त्यांना माझे दोन कागद शेजारीशेजारी ठेवून दाखवले, सरळ ऑडिओग्राम आणि 6000ला बसलेला ओएई. वडील बराच वेळ बघत होते. नदीपात्रात पथकाचा सराव सुरू होण्याआधी दोघांची पहिली नोंद करून घेतली. ताशावाल्याचे दोन्ही कान उत्तम निघाले, प्रत्येक जोडीला तिसरा सूर हजर. विसर्जनानंतर काही दिवस कानाला विश्रांती देऊन दुसरी नोंद करायची आहे, तारीख त्यानं स्वतःच फोन करून ठरवली आहे.